छळछावणीतला वाद्यवृंद: ‘प्लेइंग फॉर टाइम’ समजून घेताना

३० सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीने ‘प्लेइंग फॉर टाइम’ हा सुमारे अडीच तासांचा चित्रपट दाखवला. त्याची पटकथा आर्थर मिलर यांची होती, दिग्दर्शन डॅनियल मान यांचे होते आणि प्रमुख भूमिका व्हनेसा रेडग्रेव्ह आणि जेन अलेक्झांडर यांनी केल्या होत्या. ऑशविट्झ-बिर्केनाउ या नाझी छळछावणीत कैदी स्त्रियांचा एक वाद्यवृंद होता आणि केवळ त्यात जागा मिळाल्यामुळे त्यातील बहुतेकींचे प्राण वाचले, ही या चित्रपटाची कथा आहे. ती फानिया फेनेलों या फ्रेंच गायिकेच्या आठवणींवर आधारलेली आहे आणि तो वाद्यवृंद इतिहासात खरोखरच होता.

एवढी ओळख वाचून मनात एक चित्र सहज उभे राहते. चहूकडे मृत्यूचे थैमान चालू आहे आणि त्यातही संगीत माणसांना धीर देत आहे, असे ते चित्र असते. ते ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही आणि चित्रपटालाही तसे सांगायचे नाही. छावणीतील वाद्यवृंद हा छावणीच्या कारभाराचा एक विभाग होता. कैद्यांना मोजणे, त्यांना पावलाला पाऊल जुळवत कामावर हाकणे आणि दिवसभर माणसे मारून थकलेल्या अधिकाऱ्यांचे मन रमवणे, यासाठी तो चालवला जात होता. त्यात वाजवणाऱ्या स्त्रियांनी ते काम मागितले नव्हते, पण ते नाकारण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. हा पेच नीट समजला की चित्रपटातील पुष्कळ प्रसंगांचा उलगडा होतो आणि चित्रपट कोठे घसरला आहे तेही दिसू लागते.

ऑशविट्झ म्हणजे पोलंडमधील ओश्वियेंचिम या गावाजवळ उभारलेल्या छावण्यांचा मोठा समूह. १९४० मध्ये तेथे मूळ छावणी सुरू झाली, पुढे जवळच बिर्केनाउची अफाट पसरलेली छावणी उभी राहिली आणि नंतर मोनोवित्झ येथे कारखान्याला जोडलेली तिसरी छावणी आली. या सर्व ठिकाणी मिळून सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांपैकी जवळपास १० लाख ज्यू होते. गाडीतून उतरलेल्या माणसांची फलाटावरच निवड होत असे. म्हातारी माणसे, लहान मुले आणि मुलांसोबतच्या आया यांना थेट गॅस चेंबरकडे नेले जाई. कामाला उपयोगी वाटणाऱ्या थोड्यांचे केस भादरून, हातावर क्रमांक गोंदवून त्यांना बराकीत ढकलले जाई. तेथे भूक, टायफस आणि मारहाण यांमुळे बहुतेकांचे आयुष्य काही महिन्यांत संपे. वाद्यवृंदाकडे पाहताना हा हिशेब सतत लक्षात ठेवावा लागतो, कारण त्याच्या तुलनेतच वाद्यवृंदातील जागेची किंमत कळते.

नाझी छावण्यांमधील संगीत ऑशविट्झमध्ये सुरू झाले नाही. जर्मनीतील अगदी सुरुवातीच्या छावण्यांपासून कैद्यांना कूच करताना मोठ्याने गाणी म्हणायला लावणे हा छळाचाच एक प्रकार होता. ऑस्ट्रियातील मौटहाउझेन छावणीत १९४२ साली पळून जाताना पकडल्या गेलेल्या एका कैद्याला फाशी देण्यासाठी नेताना त्याच्यापुढे कैद्यांचा वाद्यवृंद चालवला गेला, आणि त्या मिरवणुकीचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. ऑशविट्झच्या मूळ छावणीत १९४१ च्या आरंभी पुरुष कैद्यांचा वाद्यवृंद उभा राहिला, १९४२ मध्ये बिर्केनाउच्या पुरुषांच्या छावणीला स्वतःचा मिळाला आणि १९४३ च्या वसंतात बिर्केनाउच्या स्त्रियांच्या छावणीतही तो स्थापन झाला. चित्रपटातला वाद्यवृंद हा शेवटचा. (आजच्या चेक प्रजासत्ताकातील तेरेझिन येथे ज्यूंना कोंडून ठेवले होते. तेथील संगीताशी त्याची गल्लत होऊ नये. तेथे डांबलेल्या ज्यूंनी मैफली आणि मुलांचा ऑपेरा बऱ्याच अंशी स्वतःहून उभा केला आणि नाझींनी पुढे त्याचा प्रचारासाठी वापर केला. त्या कलावंतांपैकी अनेकांचा शेवटही ऑशविट्झमध्येच झाला, पण त्यांच्या संगीताचा उगम वेगळा होता.)

मग माणसे मारण्यासाठी उभारलेल्या जागेत वाद्यवृंद कशासाठी? पहिले कारण अगदी रोजच्या व्यवहारातले होते. सकाळी हजारो कैदी फाटकातून कामावर निघत आणि संध्याकाळी परत येत. प्रत्येक रांगेत पाच जण, अशा शिस्तीत ते चालले तर पहारेकऱ्यांना चटकन मोजता येत. भुकेने खंगलेली, लाकडी तळाचे जोडे घातलेली माणसे एका तालात चालत नाहीत, त्यांच्या रांगा मोडतात आणि मोजणी चुकते. कूचगीताचा ताल पायांना ओढून नेतो. म्हणून स्त्रियांचा वाद्यवृंद दररोज सकाळ-संध्याकाळ फाटकाजवळ बसून कूचगीते वाजवत असे, आणि संध्याकाळी परतणाऱ्या रांगांमध्ये दिवसभरात मेलेल्यांची प्रेतेही त्याच तालावर आत आणली जात. प्रिमो लेव्ही हे इटालियन लेखक मोनोवित्झमध्ये कैदी होते. दवाखान्यात पडून असताना बाहेरची कूचगीते ऐकताना काय वाटले, ते त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या संगीतात त्यांना छावणीचाच आवाज ऐकू येत असे, माणसाचे मन आधी बधिर करून मग शरीर संपवण्याच्या इच्छेचा आवाज.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे होते. एका छावणीच्या अधिकाऱ्याकडे वाद्यवृंद आहे म्हटल्यावर दुसऱ्यालाही तो हवासा वाटे. बिर्केनाउच्या स्त्री-छावणीची प्रमुख मारिया मांडल हिला आपल्या छावणीचा वाद्यवृंद हवा होता आणि तो चांगला वाजावा असेही तिला वाटत होते. बर्लिनहून पाहुणे आले की तो दाखवला जाई, रविवारी मैफली होत आणि कधीही एखादा अधिकारी संगीताच्या बराकीत येऊन आवडते काही वाजवायला सांगत असे. कैद्यांवर अघोरी वैद्यकीय प्रयोग करणारा डॉक्टर योझेफ मेंगेले असाच एकदा आला आणि त्याने शूमानची ‘ट्रॉयमराय’ ही छोटी, शांत रचना ऐकवायला सांगितली. ती चेलोवर (व्हायोलिनच्या कुळातील, खर्जातील स्वर देणाऱ्या मोठ्या वाद्यावर) वाजवणाऱ्या अनिता लास्कर या तेव्हा १८-१९ वर्षांच्या होत्या. त्यांनी ती वाजवली आणि तो निघून गेला.

वाद्यवृंदातील स्त्रियांना सवलती मिळत, आणि त्या का मिळत हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या बराकीत लाकडी फरशी आणि शेगडी होती, कारण दमट हवेने लाकडी वाद्ये फुगतात आणि तारा उतरतात. त्यांना नियमित आंघोळ करता येई आणि स्वच्छ कपडे मिळत, कारण त्या अधिकाऱ्यांसमोर बसणार होत्या. उघड्यावर तासन्‌तास चालणारी हजेरी त्यांच्यासाठी बराकीतच घेतली जाई आणि त्यांना बाहेरच्या मजुरीवर जावे लागत नसे. अन्न मात्र इतरांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. म्हणजे व्हायोलिन आणि चेलो यांची जी काळजी घेतली जात होती, तिच्या आडोशाला वाजवणारी माणसेही जगत होती. मला या सगळ्या इतिहासातील ही गोष्ट सर्वांत भेदक वाटते. वाद्य खराब होऊ नये म्हणून शेगडी पेटवणाऱ्या त्याच व्यवस्थेने काही शे मीटरांवर भट्ट्या पेटवल्या होत्या.

वाद्यवृंदात शिरण्याचा मार्ग निव्वळ योगायोगाचा होता. अनिता लास्कर १९४३ च्या डिसेंबरात बिर्केनाउत आल्या, तेव्हा केस कापून, विवस्त्र अवस्थेत उभ्या असताना नोंदणी करणाऱ्या कैदी स्त्रीला त्या सहज बोलून गेल्या की मी चेलो वाजवते. ते ऐकून तिने सांगितले की आता तू वाचशील. वाद्यवृंदाकडे तेव्हा खर्जातील स्वर देणारे वाद्य जवळपास नव्हते आणि म्हणून चेलोवादक हवीच होती. एस्तर बेजारानो या दुसऱ्या कैदी तरुणीला पियानो येत होता, पण त्यावेळी तेथे पियानो नव्हता. अकॉर्डियन येते असे त्यांनी सांगून टाकले, ते वाद्य त्यांनी त्याआधी कधी हातात घेतले नव्हते आणि परीक्षेसाठी दिलेली एक लोकप्रिय धून त्यांनी उजव्या हाताच्या ओळखीच्या पट्ट्यांवर आणि डाव्या हाताने अंदाजाने सुरावटी शोधत वाजवून दाखवली. त्या निवडल्या गेल्या. अशाच दारांनी आत आलेल्या बहुतेकजणी शाळकरी वयाच्या किंवा नुकत्या विशीत आलेल्या मुली होत्या. व्यावसायिक कलावंत त्यांत मोजक्याच होत्या. पोलिश, जर्मन, फ्रेंच, ग्रीक, डच, हंगेरियन अशा अनेक भाषा एका खोलीत बोलल्या जात आणि ज्यू व बिगर-ज्यू कैद्यांमध्ये तणावही होते.

पहिल्या संचालिका झोफिया चायकोव्स्का या पोलिश शिक्षिका होत्या. त्यांच्या काळात मँडोलिन, गिटार, थोडी व्हायोलिन आणि ढोल एवढ्यावर काम चालले होते. वाद्यवृंदाचे रूप बदलले ते १९४३ च्या ऑगस्टमध्ये अल्मा रोझे आल्यानंतर. त्यांची ओळख थोडी सविस्तर करून द्यावी लागेल, कारण चित्रपटाबद्दलचा मुख्य वाद त्यांच्यावरूनच आहे.

अल्मा रोझे यांचा जन्म १९०६ मध्ये व्हिएन्नात झाला. वडील आर्नोल्ड रोझे हे व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदाचे आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे अर्धशतकाहून अधिक काळ प्रमुख व्हायोलिनवादक होते आणि आई युस्टीन ही संगीतकार गुस्ताव माहलर यांची बहीण होती. युरोपातील अभिजात संगीताच्या घराण्यांमध्ये याहून मोठे नाव शोधणे कठीण. अल्मा स्वतः व्हायोलिनवादक झाल्या आणि १९३२ साली त्यांनी केवळ स्त्रियांचा एक वाद्यवृंद काढून युरोपभर कार्यक्रम केले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ज्यू असल्यामुळे वडिलांचे पद गेले. वडील व मुलगी लंडनला सुखरूप पोहोचली, पण पैशाची चणचण होती आणि कार्यक्रम करण्यासाठी अल्मा हॉलंडला परत गेल्या. तेथे जर्मन सैन्य शिरले आणि त्या अडकल्या. फ्रान्समार्गे निसटण्याचा प्रयत्न करताना १९४२ च्या डिसेंबरात त्या पकडल्या गेल्या आणि पुढच्या जुलैमध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवण्यात आले. पहिल्यांदा त्यांना ठेवले गेले ते मूळ छावणीतील १० क्रमांकाच्या इमारतीत. स्त्रियांवर वंध्यत्वाचे प्रयोग जेथे चालत, ती ही इमारत. त्या कोण आहेत हे तेथे कळले, व्हायोलिन मिळवून दिले गेले आणि त्यांचे वादन ऐकल्यावर मांडलने त्यांना बिर्केनाउच्या वाद्यवृंदावर नेमले.

अल्मा यांनी हाती आलेल्या या विस्कळीत गटातून आठ महिन्यांत ४० हून अधिक जणींचा वाद्यवृंद घडवला. यासाठी काय करावे लागते, हे आपल्याकडील मैफलीची सवय असलेल्या वाचकाला चटकन लक्षात येणार नाही. आपल्या मैफलीत गायक राग उलगडत जातो आणि साथीदार त्याच्या मागोमाग जातात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र प्रत्येक वाद्याने कोणत्या क्षणी कोणता स्वर किती वेळ वाजवायचा हे आधीच लिहिलेले असते आणि प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाट्याचा वेगळा कागद ठेवावा लागतो. बिर्केनाउत एक चेलो, बरीच मँडोलिन, अकॉर्डियन, थोडी व्हायोलिन व बासरी असा मेळ होता आणि अशा मेळासाठी कोणीच संगीत लिहिलेले नसते. म्हणून मिळेल त्या पियानोच्या कागदांवरून किंवा आठवणीतून संपूर्ण रचना या वाद्यांसाठी नव्याने लिहून काढावी लागे. अल्मा हे काम करत, नंतर फानिया फेनेलों करू लागल्या आणि काहीजणी केवळ नकला उतरवण्याच्या कामावर होत्या. ज्यांचे वादन कच्चे होते, अशा काही मुलींना अल्मा यांनी याच कामावर ठेवून वाद्यवृंदात टिकवले. एका ग्रीक मुलीला डबल बास शिकवण्यासाठी पुरुषांच्या वाद्यवृंदातून वादक आणला गेला. सकाळच्या कूचगीतांनंतर दिवसभर तालीम चाले. श्ट्राउसचे वॉल्ट्झ, ऑपेरांतील गाणी, सारासातेची व्हायोलिनसाठीची रचना, लोकप्रिय जर्मन गाणी असे बरेच काही त्यांच्या यादीत होते. ज्यू संगीतकारांच्या रचनांना बंदी होती.

पुरुष कैद्यांच्या वाद्यवृंदासाठी हाताने लिहिलेले असे काही कागद ऑशविट्झच्या संग्रहालयात जपले गेले आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संगीत-अभ्यासक पॅट्रिशिया हॉल यांनी त्यांतील एका फॉक्सट्रॉटची (एका लोकप्रिय नृत्यप्रकारासाठीची) रचना पुन्हा जुळवली आणि २०१८ मध्ये ती वाजवली गेली. गाण्याचे नाव ‘आयुष्यातील सर्वांत सुंदर काळ’. ते कागद पाहिल्यावर छावणीतील संगीत ही दंतकथा राहत नाही, कोणीतरी पेन्सिल-पेन घेऊन स्वरामागून स्वर उतरवला होता याची खात्री पटते.

आता चित्रपटाकडे वळू. त्यातील फानिया ही पॅरिसच्या रात्रीच्या मैफलींत गाणारी लोकप्रिय गायिका आहे. बंद डब्यातून बिर्केनाउला येताना मारियान नावाची एक कोवळी, सुखवस्तू घरातील मुलगी तिला बिलगते. वाद्यवृंदासाठी फानियाची निवड होते तेव्हा ती मारियानलाही घेण्याचा आग्रह धरते आणि तिला वाचवते. पुढे हीच मारियान एकेका घासासाठी स्वतःचे शरीर विकू लागते, कैद्यांवर नेमलेली मुकादम होते आणि अखेर फानियावरच हात उगारते. दोघींमधील हे नाते हा चित्रपटाचा कणा आहे. माणसाला वाचवले म्हणजे माणूसपण वाचते असे नाही, ही गोष्ट मिलर कोणतेही भाषण न देता, एका मुलीच्या चेहऱ्यात होत जाणाऱ्या बदलातून सांगतात.

मिलर यांचा या विषयाशी संबंध जुना होता. १९६४ साली फ्रँकफर्टमध्ये ऑशविट्झच्या पहारेकऱ्यांवर खटला चालला तेव्हा ते स्वतः न्यायालयात बसले होते आणि त्यांनी वृत्तपत्रात त्यावर लिहिलेही होते. आरोपींच्या पिंजऱ्यात त्यांना जे दिसले त्याचे पडसाद या पटकथेत आहेत. चित्रपटातील मांडल एका पोलिश मुलाला त्याच्या आईपासून तोडून स्वतःकडे आणते, त्याला कुरवाळते, चांगले कपडे घालते आणि काही काळाने त्याला मृत्यूकडे पाठवून देते. त्यानंतर ती संगीत ऐकायला येते आणि तिचे दुःख खरे वाटते. बराकीतल्या काही जणींना ती राक्षसीण वाटते, फानिया मात्र ती माणूसच आहे असे म्हणते आणि अडचण नेमकी तीच असल्याचे सांगते. आरडाओरड करणाऱ्या खलनायकापेक्षा संगीत ऐकून डोळे पुसणारी ही स्त्री प्रेक्षकाला जास्त अस्वस्थ करते, कारण चांगले संगीत आवडणारा माणूस चांगला असतो ही आपली समजूत ती मोडून काढते. खऱ्या मांडलवर युद्धानंतर पोलंडमध्ये खटला चालला आणि २४ जानेवारी १९४८ रोजी क्राकोव येथे तिला फाशी देण्यात आली.

मिलर यांनी फानियाच्या वाट्याला आलेली शरमही टाळलेली नाही. वाद्यवृंदाच्या बराकीत ऊब आहे आणि बाहेर माणसे मरत आहेत. १९४४ च्या मे महिन्यापासून अवघ्या आठ आठवड्यांत हंगेरीतील ४ लाखांहून अधिक ज्यूंना हद्दपार करण्यात आले, त्यांतील बहुतेकांना येथेच आणले गेले आणि बिर्केनाउच्या आत नव्याने टाकलेल्या रुळांवर त्यांच्या गाड्या थांबत. संगीताच्या बराकीतून ते दिसत होते. अशा वेळी वाजवत राहणे म्हणजे काय? चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे, कारण जिवाच्या भीतीखाली केलेल्या कामाचा न्याय सुरक्षित खोलीत बसलेल्या माणसाने करू नये हे तो प्रेक्षकाला जाणवू देतो.

चित्रपट जेथे चुकला आहे ती जागाही तेवढीच महत्त्वाची आहे. चित्रपटातील अल्मा कठोर आहे, मुलींवर ओरडते, हात उगारते, परिपूर्ण वादनाच्या वेडापायी बाहेरच्या मृत्यूकडे पाठ फिरवते आणि अधिकाऱ्यांच्या कौतुकाने सुखावते. जेन अलेक्झांडर यांनी ही भूमिका इतक्या ताकदीने केली आहे की जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात अल्मा रोझे म्हणजे हीच स्त्री असे बसले. वाद्यवृंदातून वाचलेल्या इतर स्त्रियांना हे अजिबात मान्य नव्हते. चेलो वाजवणाऱ्या अनिता (पुढे लास्कर-वॉलफिश) यांनी आयुष्यभर सांगितले की आम्ही जगलो ते अल्मामुळे. त्या कडक होत्या हे खरे, चुकीच्या स्वराला क्षमा नव्हती हेही खरे, पण त्या कडकपणामागे एक साधा हिशेब होता. वाद्यवृंद चांगला वाजला तरच तो राहणार होता, आणि तो राहिला तरच त्या मुली राहणार होत्या. शिवाय तालमीत जीव ओतायला लावून त्यांनी मुलींचे लक्ष काही तास का होईना खिडकीबाहेरच्या धुरावरून हटवले. अल्मा यांच्या काळात वाद्यवृंदातून कोणाला गॅस चेंबरकडे पाठवले गेल्याचे या स्त्रिया सांगत नाहीत, आणि बिर्केनाउसारख्या ठिकाणी ही गोष्ट अतिशय मोठी आहे.

मग पडद्यावर ही अल्मा आली कोठून? फानिया फेनेलों यांच्या १९७६ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून. तेथे तारखांकडे पाहणे उपयोगी पडते. फेनेलों १९४४ च्या जानेवारीअखेर बिर्केनाउत पोहोचल्या आणि अल्मा यांचा मृत्यू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाला, म्हणजे दोघींचा सहवास अडीच महिन्यांच्या आसपासचा. पुस्तकात आणि चित्रपटात मात्र फानिया ही साऱ्या बराकीची सदसद्विवेकबुद्धी आणि आधार, तर अल्मा ही तिच्यासमोरची दुसरी बाजू, अशी मांडणी आहे. नाटकाला अशा दोन बाजू लागतात. इतर स्त्रियांच्या आठवणींत फेनेलों या अनेकींपैकी एक आहेत, गाणाऱ्या आणि संगीत लिहून देणाऱ्या, पण केंद्रस्थानी नाहीत. पुस्तकातील आपले किंवा मैत्रिणींचे चित्रण वाचून दुखावलेल्या स्त्रियांनी तशी तक्रार उघडपणे केली. एकाच बराकीत राहिलेल्या माणसांच्या आठवणी वेगळ्या असू शकतात, हे मान्य केले तरी जी व्यक्ती स्वतःची बाजू मांडायला उरलीच नाही तिच्याबद्दल लिहिताना अधिक जपायला हवे होते, असे मला वाटते. कॅनडात स्थायिक झालेले अल्मा यांचे भाऊ आल्फ्रेड रोझे यांच्या ओळखीतील लेखक रिचर्ड न्यूमन यांनी पुढे अनेक वर्षे साक्षी जमवून अल्मा यांचे चरित्र लिहिले, ते २००० साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून अभ्यासकांचे मत बरेच बदलले आहे.

अल्मा यांच्या मृत्यूबाबतही तसेच आहे. चित्रपटात एका मत्सरी मुकादम स्त्रीने त्यांना जेवणातून विष दिल्याचे सूचित केले आहे. प्रत्यक्षात एका मेजवानीनंतर त्यांना अचानक डोकेदुखी, उलट्या आणि ताप सुरू झाला, दवाखान्यात हलवल्यावर दोन दिवसांत, ४-५ एप्रिल १९४४ च्या रात्री, त्या गेल्या. कारण निश्चित झालेले नाही आणि खराब झालेल्या अन्नातून विषबाधा झाली असावी अशी शक्यता अनेकजण मांडतात. त्यांच्यानंतर सोनिया विनोग्रादोवा या पियानोवादक कैद्याकडे सूत्रे आली, पण वाद्यवृंदाचा दर्जा आणि दबदबा दोन्ही ओसरले.

प्रदर्शनाच्या वेळी मात्र वाद यापैकी कशावर झाला नाही. तो रेडग्रेव्ह यांच्या निवडीवर झाला. त्या पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या उघड समर्थक होत्या आणि एका ज्यू कैदी स्त्रीची भूमिका त्यांना द्यावी याला अमेरिकेतील ज्यू संघटनांनी कडाडून विरोध केला. स्वतः फेनेलोंही विरोधात होत्या. वाहिनी आणि मिलर आपल्या निर्णयावर ठाम राहिले. रेडग्रेव्ह यांनी भूमिकेसाठी डोके भादरले आणि त्यांचे काम पाहिल्यावर अभिनयाबद्दल वाद उरला नाही. पुढच्या वर्षी उत्कृष्ट चित्रपट, रेडग्रेव्ह, अलेक्झांडर आणि मिलर यांची पटकथा, असे चार एमी (अमेरिकी दूरचित्रवाणी क्षेत्रातील) पुरस्कार या चित्रपटाला मिळाले.

संगीताने कैद्यांना आधार दिला का, या प्रश्नाकडे आता पुन्हा यायला हरकत नाही. बिर्केनाउच्या पुरुषांच्या वाद्यवृंदाचे संचालक शिमोन लाक्स हे पोलिश-ज्यू संगीतकार होते आणि युद्धानंतर तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्यांनी आपल्या आठवणी पॅरिसमध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: संगीताने वाजवणाऱ्यांना जगवले, ऐकणाऱ्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही, उलट त्यांची हताशा वाढली. नाताळच्या सुमारास त्यांना स्त्रियांच्या दवाखान्यात जाऊन पोलिश नाताळगीते वाजवण्याचा हुकूम झाला. आजारी स्त्रिया आधी हुंदके देऊ लागल्या आणि मग ओरडू लागल्या की निघून जा, आम्हाला शांतपणे मरू द्या. लाक्स आणि त्यांचे सहकारी वाद्ये आवरून निघाले. काही कैद्यांनी याच्या उलट सांगितले आहे, रविवारची मैफल ऐकताना आपण थोडा वेळ माणसात आल्यासारखे वाटले, असेही जबाब आहेत. फाटकावर कूचगीते वाजवणाऱ्या मुलींना जवळून जाणाऱ्या रांगांमधून शिव्या ऐकू येत, कोणी थुंकत, कोणी ओळखीचे हसत. यातील कोणताही एक जबाब खोटा ठरवता येणार नाही. चिखलातून प्रेत ओढत परतणाऱ्या स्त्रीला आणि बराकीच्या खिडकीशी लपून ऐकणाऱ्या स्त्रीला तेच वादन सारखे ऐकू येणे शक्य नव्हते.

वाजवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र लाक्स यांच्याशी सगळ्याच सहमत होत्या. अनिता लास्कर यांची थोरली बहीण रेनाटे छावणीत वेगळी आली होती आणि मरणपंथाला लागली होती. अनिता वाद्यवृंदात असल्यामुळे अधिकाऱ्यांच्या परिचयाच्या होत्या आणि तेवढ्या आधारावर त्यांनी बहिणीला निरोप पोहोचवण्याचे हलके काम मिळवून दिले. दोघी बहिणी वाचल्या. ‘चेलो वाजवणारी’ अशी ओळख असणे म्हणजे निदान हजारो क्रमांकांपैकी एक नसणे, असे अनिता सांगत.

१९४४ च्या ऑक्टोबरअखेर रशियन सैन्य जवळ येऊ लागले आणि वाद्यवृंद मोडला. ज्यू स्त्रियांना गाडीत भरून जर्मनीतील बेर्गन-बेल्झन छावणीत नेले गेले. तेथे वाद्ये नव्हती, सवलती नव्हत्या, पुढे अन्न-पाणीही जवळजवळ संपले आणि टायफसने हजारोंचे बळी घेतले. वाद्यवृंदातील दोघींचा तेथे मृत्यू झाला. बाकीच्या एकमेकींना धरून राहिल्या, जे मिळेल ते वाटून खाल्ले आणि १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य आत आले तेव्हा त्या जिवंत होत्या. चित्रपट येथेच संपतो. टायफसने आजारी असलेल्या फेनेलों यांनी सुटकेनंतर ध्वनिमुद्रकासमोर फ्रान्सचे राष्ट्रगीत गायले, हे दृश्य आणि तो प्रसंग दोन्ही खरे आहेत.

त्यानंतर प्रत्येकीने संगीताशी आपापल्या परीने हिशेब केला. काहीजणींनी वाद्य पुन्हा हातात घेतले नाही. अनिता लास्कर-वॉलफिश लंडनला गेल्या, इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापक सदस्य झाल्या, अनेक वर्षे जर्मनीत पाऊल ठेवले नाही आणि २०१८ च्या जानेवारीत त्याच देशाच्या संसदेसमोर उभे राहून त्यांनी आपली साक्ष दिली. एस्तर बेजारानो हॅम्बुर्गमध्ये राहिल्या आणि आजी झाल्यावर तरुण रॅप गायकांच्या गटाबरोबर वंशद्वेषाविरुद्ध गाऊ लागल्या, २०२१ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फेनेलों १९८३ मध्ये गेल्या. आर्नोल्ड रोझे यांना मुलीच्या मृत्यूची बातमी युद्ध संपल्यावर लंडनमध्ये कळली आणि १९४६ साली तेही गेले. अल्मा यांनी पळून जाण्यापूर्वी आपले गुआदानिनी बनावटीचे व्हायोलिन हॉलंडमध्ये एका मित्राकडे ठेवले होते, ते सुरक्षित राहिले आणि युद्धानंतर कुटुंबाकडे परत आले.